हात वर करून चालणारा कारभार : अपेनझेल, ग्लारुस, बर्न, मुटिये

परत येऊन तीन आठवडे झाले, लिहीन लिहीन म्हणत राहिलं होतं, आज बसलेच. मी बेळगावच्या एका मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. दरवर्षी जुलै आला की फळ्यावर तीन रकाने आखायचे, केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची, आणि मग मुलांना सांगायचं की जगात आणखी पण संघराज्यं आहेत, अमेरिका, कॅनडा, स्वित्झर्लंड. बस, तेवढंच एक वाक्य. त्या वाक्याच्या पलीकडे काय आहे ते बघायचं कधीपासून मनात होतं. भाची अकरा वर्षं झाली स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकजवळच्या विंटरथूरला राहते, मागच्या वेळी गेले होते तेव्हा बर्फ, झुलते पाळणे, तळी सगळं बघून झालं होतं, म्हणून या वेळी तिला आधीच सांगितलं की बाई मला डोंगर नकोत, मला कँटन दाखव. ती म्हणाली मावशी असं आजपर्यंत कुणीच मागितलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कँटन म्हणजे तिथलं राज्य. देशात असे २६, त्यातले सहा अर्धे धरतात. प्रत्येकाला स्वतःची राज्यघटना, स्वतःची विधानसभा, स्वतःचे कर, शाळा, पोलीस, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. झ्युरिक कँटनमध्ये पंधरा लाखांवर माणसं आणि अपेनझेल इनररोडन नावाच्या कँटनमध्ये सोळा हजारांच्या आसपास, म्हणजे आमच्याकडची दोनतीन मोठी खेडी एकत्र केली तर होतील तेवढी. आणि तरी दोन्ही राज्यंच.

शुक्रवार, विंटरथूर

प्रवास नीट झाला, सामान आलं, त्यात कुंद्याचे चार डबे होते ते पण सुखरूप. संध्याकाळी भाची गावातून फिरवून आणताना एक गोष्ट बोलली ती सांगते. इथल्या फोल्कार्ट बंधूंची पेढी १८५१ साली निघाली ती एकाच वेळी दोन गावी, विंटरथूरला आणि मुंबईला. कापसाचा व्यापार. पुढे १९५४ ला टाटांबरोबर मिळून जी कंपनी झाली ती आपली व्होल्टास, त्यातला 'व्होल' तो या गावचा. आमच्या स्टाफरूममध्ये व्होल्टासचा वॉटर कूलर वीस वर्षं होता आणि मला हे माहीत नव्हतं.

टीप : पर्यटकांसाठी हाफ फेअर कार्ड मिळतं ते घ्या, रेल्वे, बस, बोट सगळीकडे जवळपास निम्मं भाडं लागतं. आणि रविवारी दुकानं बंद असतात, स्टेशनवरची सोडून, तेव्हा दूध-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.

शनिवार, अपेनझेल

सकाळी गाडीने गोसाऊ, तिथून छोटी लाल गाडी. हिरव्या टेकड्यांवर विखुरलेली घरं, प्रत्येक घराला खिडक्यांची रांग, आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा डब्यात ऐकू येतात. वाटेत हेरिसाऊ लागतं, ते आउसररोडन, आणि उतरायचं ते इनररोडन. पूर्वी अपेनझेल एकच होतं, १५९७ साली कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं पटेना तर लढाई न करता भाग करून घेतला, वाटणीपत्र केल्यासारखा. तेव्हापासून दोन अर्धे कँटन.

गावातल्या मुख्य गल्लीत घरांच्या लाकडी भिंती रंगवलेल्या आहेत, आणि गल्लीच्या टोकाला एक साधं मोकळं पटांगण, कडेला एक लिंडनचं झाड. एवढंच. आदल्या रविवारी, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, याच पटांगणात अख्ख्या कँटनची सभा झाली होती. तिला लांड्सगेमाइंडे म्हणतात. मतदार येऊन उभे राहतात आणि हात वर करून सरकार निवडतात, कायदे मंजूर करतात. आज पूर्ण देशात ही पद्धत दोनच कँटनमध्ये उरलीय, हे एक आणि ग्लारुस. शेजारच्या आउसररोडनने १९९७ ला बंद केली.

बिबरली घ्यायला एका दुकानात शिरलो (मसाल्याची मऊ रोटी असते, आत बदामाचं सारण, प्रवासात न्यायला एकदम चांगली), दुकानातल्या आजी ऐंशीच्या पुढच्या असतील. भाचीने सांगितलं मावशी नागरिकशास्त्राची शिक्षिका, तर त्यांनी गल्ल्यामागून स्टूल ओढून मला बसवलं. मग गोष्ट सांगितली. इथे पुरुष सभेला येताना कमरेला तलवार किंवा संगीन लावून येतात, बापाकडून मुलाकडे आलेली, तेच त्यांचं मतदार ओळखपत्र. आणि बायकांना? बायकांना १९९० पर्यंत कँटनच्या कारभारात मतच नव्हतं. देशपातळीवर १९७१ ला मिळालं होतं, पण इथल्या पुरुषांनी १९९० च्या एप्रिलमध्ये याच पटांगणात परत नाही म्हणून हात वर केले. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तुमच्या घटनेत बायका धराव्याच लागतील. १९९१ ला त्या पहिल्यांदा पटांगणात आल्या. आजी म्हणाल्या, "पहिल्या वर्षी माझे पाय थरथरत होते. नवरा शेजारी उभा होता, त्याने आदल्या वर्षी विरोधात हात वर केला होता, मला माहीत होतं, कारण मी त्या खिडकीतून बघत होते." आणि हाताने समोरची वरच्या मजल्यावरची खिडकी दाखवली.

मी त्यांना सांगितलं की माझी आजी, सही न येणारी बाई, १९५२ ला मत देऊन आली होती आणि मरेपर्यंत सांगायची की पेटीत कागद टाकताना तिला कुणी बघितलं नाही. त्या खूप वेळ काही बोलल्या नाहीत, मग भाचीला म्हणाल्या, मावशींना सांग, त्यांची आजी माझ्या चाळीस वर्षं आधी तिथे पोचली. मला दुकानातून निघवेना.

त्या दिवसभर माझ्या डोक्यात हेच होतं. उघड हात वर करायचा ही गोष्ट कितीही सुंदर दिसली तरी खिडकीतून बायको बघते, शेजारी बघतो, मालक बघतो. गुप्त मतदान ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती आपल्याला पहिल्या निवडणुकीपासून मिळाली, हे मी वर्गात जितक्या जोरात सांगायला हवं होतं तितक्या जोरात सांगितलं नाही, आता वाटतं.

संध्याकाळी रापर्सविल, झिगेलब्र्युकवरून ग्लारुस.

रविवार, ग्लारुस

ज्यासाठी आले तो दिवस. मे महिन्याचा पहिला रविवार. पाऊस असेल तर सभा एक आठवडा पुढे जाते, त्यामुळे मी पहाटे चारपासून खिडकीशी. उजाडलं तर आकाश स्वच्छ, समोर ग्लेर्निशचा डोंगर, वर बर्फ, खाली झाडांना नवी पालवी. तो डोंगर इतका जवळ आणि इतका उभा आहे की गाव त्याच्या कुशीत नाही, पायाशी बसलंय असं वाटतं.

आम्ही एका विधवा बाईंच्या घरी वरची खोली घेतली होती. त्यांचं वय सत्तर. सकाळी आठला त्या तयार, अंगात कोट, हातात मतदानाचं कार्ड आणि एक जाड पुस्तिका. त्या पुस्तिकेला मेमोरियल म्हणतात, सभेत येणारा प्रत्येक विषय, त्याचा खर्च, सरकारचं म्हणणं, सगळं त्यात असतं आणि घरोघरी आधी पोचतं. बाईंच्या पुस्तिकेत पेन्सिलीने खुणा केलेल्या, दोन पानांचे कोपरे दुमडलेले. मी ती हातात घेऊन चाळली. भाषा कळली नाही पण पेन्सिलीच्या खुणा कळल्या, शिक्षिकेला कळतातच.

साडेनऊच्या सुमाराला मिरवणूक, पुढे बँड, मागे सरकारचे लोक, न्यायाधीश, आणि सगळे त्साउनप्लाट्झ नावाच्या चौकात. मध्ये लाकडी गोल रिंगण, चढत्या पायऱ्यांचं, त्यात मतदार. आणि अगदी मध्यभागी, अध्यक्षांच्या मंचाभोवती, जमिनीवर शाळेतली मुलं बसलेली! कुणी ठेवलेली नाहीत, ती त्यांची जागाच आहे. मला एकदम भरून आलं, काय सांगू. मी अठ्ठावीस वर्षं मुलांना पुस्तकातून ग्रामसभा शिकवली आणि इथे मुलांना राज्याच्या सभेत मधोमध बसवतात.

आम्हा पाहुण्यांना बाजूला जागा होती. अध्यक्ष, म्हणजे लांडामान, हातात मोठी तलवार धरून उभे. सगळ्यांनी तीन बोटं वर करून शपथ घेतली. मग विषय सुरू. पहिल्यांदा निवडणुका, मग कराचा दर. हो, या वर्षी आपल्यावर किती टक्के कर लावायचा हे तिथे लोक स्वतः हात वर करून ठरवतात. नंतर कायद्यांचे विषय. कुणीही उठतो, माईकपाशी जातो, "परम आदरणीय लांडामान आणि प्रिय गावकरी हो" अशा अर्थाचं म्हणतो आणि बोलतो. एक तरुण शेतकरी बोलला, त्याच्यानंतर एक बाई त्याच्या बरोबर उलट बोलल्या, दोघं एकाच पायरीवर उभे होते आणि बोलून झाल्यावर परत एकमेकांशेजारी जाऊन उभे राहिले. भाची कानात भाषांतर करत होती पण ग्लारुसची बोली तिलाही नीट कळेना, झ्युरिकच्या जर्मनीपेक्षा वेगळी, म्हणून काही गेलं. लोक कार्ड वर करतात. मोजणी नाही! लांडामान नुसतं नजरेने बघतात आणि सांगतात जास्त कोण. बारीक फरक असेल तर परत कार्ड वर, तरी शंका राहिली तर मंत्रिमंडळातल्या चौघांना बोलावून विचारतात, आणि मग जे सांगतील ते अंतिम, त्यावर अपील नाही. मला हे फार धाडसाचं वाटलं. आपल्याकडे मतमोजणीला एजंट बसवल्याशिवाय कुणाची झोप लागत नाही. इथे चालतं, कारण सगळा कँटन चाळीस हजारांच्या थोडा वर, लांडामान उद्या त्याच बेकरीत ब्रेड घ्यायला जाणार.

माझ्या पुढे एक आजोबा उभे होते, मतदार नव्हते, मूळचे इटलीचे, पन्नास वर्षं इथे सूतगिरणीत आणि मग बांधकामावर. दरवर्षी येतात म्हणाले, बघायला. त्यांनी २००६ ची गोष्ट सांगितली ती मी नंतर भाचीकडून नीट समजून घेतली. तेव्हा इथे २५ ग्रामपंचायती होत्या (नगरपालिका म्हणा, त्यांची गेमाइंडे). सरकारने प्रस्ताव आणला की दहा करू. सभेत एक साधा नागरिक उठला आणि म्हणाला दहा कशाला, तीन करा. आणि सभेने तीन मंजूर केल्या! सरकार गार. पुढच्या वर्षी खास सभा बोलावून परत विचारलं, लोकांनी परत तीनच म्हटलं. २०११ पासून तीन. त्या आधी २००७ ला मतदानाचं वय सोळावर आणलं, असं करणारा हा देशातला पहिला कँटन. खरंच रिंगणात सोळा-सतरा वर्षांच्या मुली होत्या, एकीच्या दाताला तारा बसवलेल्या, हातात कार्ड.

आणि अजून मागे गेलं तर १८६४. इथे तेव्हा कापड छापायचे कारखाने खूप, आणि याच सभेने कायदा केला की कारखान्यात मोठ्या माणसालाही बारा तासांच्या वर काम नाही, रात्रपाळी बंद. गिरणीमालक पण त्याच सभेत उभे होते, कामगार पण. कामगार जास्त होते.

दुपारी एकच्या पुढे सभा संपली. बाहेर सगळीकडे काल्बरवुर्स्ट, वासराच्या मांसाची सॉसेज, या दिवशी ती खायचीच असते. मी शाकाहारी, मी ग्लार्नर पास्टेटे खाल्ली, खुसखुशीत पापुद्र्यांची, अर्ध्यात बदाम आणि अर्ध्यात सुक्या आलुबुखाराचं सारण, दोन्हीकडचं एकेक घास घेत खायची. शाकाहारी लोकांनी चिंता करू नये, चीज, बटाटे, मॅकरोनी आणि त्यावर सफरचंदाचा पातळ गर असं एक जेवण सगळ्या डोंगराळ गावांत मिळतं, पहिल्या घासाला विचित्र वाटतं, तिसऱ्याला आवडतं.

टीप : सभेच्या आदल्या रात्री राहायचं असेल तर तीनचार महिने आधी खोली बघा, गाव लहान आहे. सकाळी पडशाएवढी थंडी आणि अकरानंतर डोंगराचं ऊन चटके देतं, तेव्हा टोपी पाहिजेच. उभं राहायची तयारी ठेवा, चार तास जातात. मतदारांच्या रिंगणात शिरू नका, आणि कार्ड वर होत असताना हात हलवून फोटो काढू नका, तिथे वर गेलेल्या प्रत्येक हाताला किंमत आहे.

सोमवार, ग्लारुस, पाऊस

दिवसभर धो धो नाही पण सरळ उभा पाऊस, खानापूरकडे पडतो तसा. बाईंनी स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर एक छोटा हिरवट शंकू ठेवला आणि किसणीवर किसायला लागल्या, आणि घरभर वास सुटला तो चक्क मेथीचा! कसुरी मेथी चुरडल्यावर येतो तो. हे शाबझिगर चीज. साय काढलेल्या दुधाचं, त्यात निळ्या फुलांच्या मेथीचा पाला वाळवून पूड घालतात. लोण्यात कालवून ब्रेडवर लावलं, जिभेवर आधी खारट, मग मेथी, मग शेवटी तिखटाचा भास. मी तीन तुकडे खाल्ले. बाई म्हणाल्या हे कसं करायचं आणि त्यावर शिक्का कसा मारायचा याचा नियम लांड्सगेमाइंडेनेच १४६३ साली केलाय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी या दरीतले शेतकरी उभे राहून चीजचा दर्जा ठरवत होते.

मग त्यांनी कपाटातून सासूचा रुमाल काढला. लाल भडक, सुती, मध्ये आणि चारी कडांना पांढरी-काळी नक्षी. मी उलगडला आणि म्हटलं अगं ही तर कोयरी! नऊवारीच्या काठावर असते तशी कोयरी, देठ वाकलेली, आत बारीक ठिपके. भाचीने विचारलं तर बाई म्हणाल्या हा ग्लारुसचा रुमाल, आमचा. आणि आहेच त्यांचा, कितीतरी पिढ्या इथे ठशांनी छापले. पण हिंदुस्थानच्या छापील कापडाचं वेड युरोपला लागलं तिथून ही नक्षी इथपर्यंत आली. मी बाईंना कोयरी म्हणजे कच्चा लहान आंबा हे हाताने दाखवून समजावलं. त्या म्हणाल्या आम्ही थेंब समजत होतो.

कुंद्याचा एक डबा तिथे उघडला. त्यांनी चमच्याने खाल्ला, डोळे मिटून.

इथेच भाचीला मी विचारलं, तू अकरा वर्षं राहतेस, कर भरतेस, तुला मत आहे का? नाही म्हणाली, झ्युरिक कँटनमध्ये परदेशी माणसाला नाही. नागरिकत्व घ्यायचं तर गाव, कँटन आणि देश तिघांची संमती लागते. पण मावशी, गंमत बघ, हीच मी जर जुरा कँटनमध्ये राहत असते तर देशात दहा वर्षं आणि कँटनात एक वर्ष झाल्यावर मला तिथल्या कँटनच्या निवडणुकीत मत मिळालं असतं. तीच मुलगी, तोच देश, पत्ता बदलला की हक्क बदलतो. मी वहीत लिहून घेतलं.

मंगळवार, बर्न

गाडीने राजधानी. (ते राजधानी म्हणत नाहीत, संघाचं शहर म्हणतात.) संसदेसमोरच्या चौकात फरशीतूनच पाण्याची कारंजी उडतात, २६, प्रत्येक कँटनचं एक. पोरं चड्डीवर त्यातून पळत होती, कुणी ओरडत नव्हतं.

संसद आतून बघायला फुकट मार्गदर्शन मिळतं, ऑनलाइन नाव घालावं लागतं आणि पासपोर्ट बरोबर न्यावा लागतो, अधिवेशन चालू असताना दालनात नेत नाहीत, तेव्हा तारखा बघून जा. आत गेलं की मोठा घुमट, त्याच्या काचेत कँटनांची चिन्हं गोल लावलेली. इमारत १९०२ ची, तेव्हा जितके होते तितके, अर्धे एकत्र धरून २२. आणि तेविसावं जुरा कँटनचं चिन्ह वर्तुळात बसेना म्हणून बाहेर, कमानीपाशी वेगळं लावलंय. मी मान वर करून ते शोधलं आणि तिथेच थांबले, गट पुढे गेला.

बाकी जे कळलं ते : पंतप्रधान नाही, सात जणांचं मंत्रिमंडळ, त्यातला एक वर्षभर अध्यक्ष, तोही बाकीच्या सहांच्या बरोबरीचाच. वरच्या सभागृहात ४६ जण, प्रत्येक कँटनचे दोन, अर्ध्या कँटनचा एक, मग तो झ्युरिक असो की ग्लारुस. राज्यघटना बदलायची तर देशातली जास्त माणसं पण हो म्हणायला पाहिजेत आणि जास्त कँटन पण, दोन्ही. भाची म्हणाली यामुळे डोंगरातल्या एका माणसाचं मत शहरातल्या कित्येकांच्या बरोबरीचं होतं, शहरात लोक कुरकुरतात. कुरकुर समजते मला. पण लहान राज्याला मोठ्याने गिळू नये म्हणून काहीतरी लागतंच, हे सीमेवर राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बुधवार, मुटिये

आता हा दिवस. खरं सांगते, आले होते ते यासाठीच, भाचीलाही आधी नीट सांगितलं नव्हतं.

माझे वडील १९५६ च्या नोव्हेंबरची एक तारीख आयुष्यभर विसरले नाहीत. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं ती. मी त्यानंतर जन्मले, कन्नड शेजारणींच्या हातचं खात वाढले, होळगी आणि पुरणपोळीत फरक करायला कधी शिकले नाही, कुणाशी माझं वैर नाही. पण वडील रात्री जेवताना म्हणायचे, "खेडं हा घटक धरा, लोकांना विचारा." पाटसकरांनी आंध्र आणि मद्रासची सीमा ठरवताना गाव हा घटक धरला होता, ते त्यांचं पाठ होतं. महाजन आयोग झाला, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, वडील त्याच्या आधीच गेले. विचारलं मात्र कुणी नाही.

तर जुरामध्ये विचारलं होतं. तो भाग बहुतेक फ्रेंच बोलणारा, आणि १८१५ पासून जर्मन बोलणाऱ्या बर्न कँटनमध्ये. शेवटी १९७४ ला सातही जिल्ह्यांना विचारलं, वेगळा कँटन हवा का, हो आलं. १९७५ ला दक्षिणेच्या तीन जिल्ह्यांना परत विचारलं, ते म्हणाले आम्ही बर्नमध्येच बरे. मग हद्दीवरच्या गावांना एकेक करून विचारलं. १९७८ ला साऱ्या देशाला विचारलं. १ जानेवारी १९७९ ला नवा कँटन. वेलरा नावाचं एक चिमुकलं गाव १९९६ ला त्यात गेलं. आणि मुटिये शहर, ते बर्नमध्ये राहिलं आणि भांडत राहिलं. २०१७ ला मतदान झालं, फार थोड्या फरकाने जुरा जिंकलं, पण गैरप्रकार झाले म्हणून निकाल रद्द. २०२१ ला परत, या वेळी कडक बंदोबस्तात, जवळपास ५५ टक्के लोक जुराकडे. जायची तारीख ठरली १ जानेवारी २०२६.

बर्नहून बिएलला गाडी बदलली. बिएल दुभाषी गाव, स्टेशनच्या पाटीवर जर्मन आणि फ्रेंच दोन्ही नावं, बिएल/ब्येन, रस्त्यांच्या पाट्याही दोन्ही भाषांत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत. मी त्या अक्षरांची उंची बघत प्लॅटफॉर्मवर उभी राहिले. भाचीला वाटलं मी गाडीचा नंबर शोधतेय.

मुटिये दोन खिंडींच्या मधलं गाव, दोन्हीकडे उभे चुनखडीचे कडे, मध्ये कारखाने, घड्याळांचे बारीक भाग कातायची यंत्रं इथे बनतात. देखणं गाव नाही, पर्यटक नाहीतच. खिडक्यांवर मात्र झेंडे, लाल-पांढरे, एका बाजूला बिशपची काठी आणि दुसऱ्या बाजूला सात पट्टे. सात म्हणजे ते सगळे सात जिल्हे, जे आले ते आणि जे आले नाहीत तेही. एका घरावर मात्र अस्वलाचा झेंडा, बर्नचा. दोन घरं सोडून.

एका चहाकॉफीच्या दुकानात बसलो. एक बाई, माझ्याच वयाच्या, त्यांनी आमच्यासमोर तेत द म्वान चीज फिरवून दिलं, गोल चक्कीवर पातं फिरवलं की झेंडूच्या फुलासारखी पाकळी निघते. त्यांना जर्मन येत होतं पण भाचीने मोडक्या फ्रेंचमध्ये सुरुवात केली म्हणून खूश झाल्या. मी विचारलं, तुम्ही काय मत दिलं? आणि लगेच वाटलं विचारायला नको होतं. पण त्या म्हणाल्या, जुरा. नवऱ्याने बर्न. निकालाच्या रात्री मी चौकात नाचायला गेले, तो घरी सूप करून बसला होता. परत आले तर त्याने वाढलं.

मग दोन वर्षं घरात तो विषय नाही काढला म्हणाल्या. गावात काही कुटुंबं सोडून गेली, काही जण अजून चर्चमध्ये वेगळ्या बाकांवर बसतात, ते सगळं गोड झालं असं समजू नका. शाळा, दवाखाना, पोलीस, पेन्शनची फाइल, एकेक गोष्ट कुणाकडे जाणार यावर दोन कँटनांचे लोक वर्षानुवर्षं टेबलाला बसले. आणि त्या दोघांच्या करारावर परत दोन्ही कँटनांत मतदान, २०२४ ला, आणि बर्नच्या लोकांनीसुद्धा हो म्हटलं, जा म्हणून.

मी विचारलं, नवरा आता काय म्हणतो? त्यांनी खांदे उडवले. "म्हणतो, मोजणी नीट झाली."

मग त्यांनी मला विचारलं तुमच्या गावाला कसं ठरलं होतं. मी भाचीकडे बघितलं, ती पण माझ्याकडे बघत होती, कारण तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, तिला हे कधी सांगितलेलं नसणार. मी वहीचं पान काढून नकाशा काढला, इकडे महाराष्ट्र, इकडे कर्नाटक, मध्ये बेळगाव, निपाणी, खानापूर. बाईंनी पेन घेतलं आणि माझ्या नकाशाशेजारी त्यांचा काढला, सात जिल्हे, आणि प्रत्येकात कुठल्या वर्षी विचारलं ते साल लिहिलं. काही ठिकाणी दोन सालं, मुटियेच्या ठिकाणी सगळ्यात जास्त. मग माझ्या बेळगाववर पेनचं टोक ठेवून वर बघितलं, काय लिहू म्हणून. मी म्हटलं ती जागा मोकळी ठेवा.

शेवटचा कुंद्याचा डबा त्यांना दिला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, पान मात्र फाडून मला दिलं, ते आता वडिलांच्या फोटोच्या मागे आहे.

टीप : मुटियेला जायचं तर बासेल किंवा बिएलवरून अर्धा दिवस पुरतो. डोंगर चढायची हौस असेल तर खिंडीतून पायवाट आहे. शालियेरचं लहानसं जुनं चॅपल बघा, आत हजार वर्षांच्या आसपासची भिंतीवरची चित्रं आहेत. आणि चीजची ती पाकळी खाताना बोटांनीच उचला, काट्याने मोडते.